उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती: वाट, वयाचं गणित आणि अपिलाचं काम

निशिगंध
कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो: उच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायचं तर परीक्षा कोणती? अशी परीक्षा नाही एवढं बहुतेकांना सांगता येतं, पण त्यापुढचं नीट सांगणारे फार थोडे. इथे न्यायालयीन कामाशी जवळून संबंध असलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढते आहे.
तीन गोष्टी हव्या आहेत. तिथवर जायच्या वाटा कोणत्या आणि त्यांना किती वर्षं लागतात? अपिलात न्यायमूर्ती नेमकं काय करतात? आणि कुठे चुकतं, का चुकतं? मुंबई उच्च न्यायालय डोळ्यासमोर ठेवून लिहावं. स्वतःचे किस्से नकोत, कुणाला उपयोगी पडेल असा तपशील हवा.

वहिवाटदार
सुरुवात वयापासून करतो, कारण या कारकिर्दीत सगळं तिथेच ठरतं.
राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७ मध्ये पात्रतेचे दोनच मार्ग आहेत. भारतात १० वर्षं न्यायिक पद, नाहीतर उच्च न्यायालयात १० वर्षं वकिली. निवृत्ती ६२ व्या वर्षी (१९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीआधी ती ६० होती). जिल्हा न्यायाधीश मात्र ६० लाच निवृत्त होतो.
आता न्यायिक सेवेतून येणाऱ्याचा हिशोब मांडा. सनद २३-२४ व्या वर्षी. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे बोलीत जेएमएफसी, ही परीक्षा एमपीएससी घेते: पूर्व १०० गुणांची, मुख्यचे १००-१०० चे दोन पेपर, मुलाखत ५० ची. निवड, उत्तनच्या न्यायिक अकादमीतलं प्रशिक्षण आणि पहिली नेमणूक होईपर्यंत २८ सहज उलटतात. मग वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश, मग प्रधान जिल्हा न्यायाधीश किंवा प्रबंधक (रजिस्ट्रार) कार्यालयातलं एखादं पद. उच्च न्यायालयासाठी नाव निघतं तेव्हा वय ५५ च्या पुढे गेलेलं असतं. जागा रिकामी होते त्या दिवशी सेवेतल्या उमेदवाराचं वय साडेअठ्ठावन्नच्या वर नसावं अशी प्रथा आहे. शपथ ५७ व्या वर्षी झाली तर हातात ५ वर्षं. त्यातली पहिली दोन बहुधा अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून, म्हणजे कायम होण्याआधी, जातात.
वकिलीतून येणाऱ्याचं नाव साधारण ४५ नंतर विचारात घेतलं जातं. त्याला १५ वर्षं मिळतात.
हा फरक निवृत्तीपुरता नाही. उच्च न्यायालयात ज्येष्ठता शपथेच्या क्रमाने मोजतात. नेमणुकीसाठी नावं सुचवणाऱ्या कॉलेजियममध्ये मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांच्यानंतरचे दोन ज्येष्ठ बसतात. पाच वर्षांत तिथवर पोचणं जवळजवळ अशक्य. म्हणून जिल्हा न्यायालयातून आलेला माणूस नेमणुकीच्या चर्चेला क्वचितच बसलेला असतो, आणि त्यामुळे जिल्हा न्यायालयांचा अनुभव त्या चर्चेत कमी पडतो. मला हे या व्यवस्थेतलं सगळ्यात मोठं वैगुण्य वाटतं.

जुनी_सनद
वहिवाटदारांच्या गणिताला जुना दाखला आहे. काशिनाथ त्रिंबक तेलंग वकिलीतून १८८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा ते चाळिशीच्याही आत होते. १८९३ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्या जागेवर महादेव गोविंद रानडे आले. रानडे १८७१ पासून न्यायखात्यात होते, जवळजवळ २२ वर्षं खालच्या न्यायालयांत काढून ५१ व्या वर्षी ते वर पोचले. जागा तीच, दोघांची विद्वत्ता वादातीत, तरी सेवेची वाट एका तपाने लांब पडली.

अनुच्छेद२३३
गणित खरं आहे, पण २०२५ मध्ये त्याचे काही आकडे बदललेत. परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हे नीट टिपून घ्यावं.

२० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला ३ वर्षांची वकिली पुन्हा बंधनकारक झाली. पदवी हातात पडताच परीक्षेला बसणं संपलं. ही ३ वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजतात, बार परीक्षा पास झाल्याच्या तारखेपासून नाही. किमान १० वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं पृष्ठांकन लागतं. न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेलं काम या ३ वर्षांत धरतात. दाखला हा औपचारिक कागद समजून शेवटच्या आठवड्यात धावपळ करू नका. पहिल्या दिवसापासून वकालतनाम्यांच्या आणि रोजनाम्यांच्या प्रती ठेवा.

त्याच निकालाने जिल्हा न्यायाधीशाच्या जागांची वाटणी ५० टक्के बढती, २५ टक्के सेवेतल्या अधिकाऱ्यांची मर्यादित स्पर्धा परीक्षा, २५ टक्के बारमधून (म्हणजे वकिलांतून) थेट भरती अशी केली. २०१० पासून मर्यादित परीक्षेचा वाटा १० टक्क्यांवर आला होता. या परीक्षेला बसायला वरिष्ठ स्तरावर ५ वर्षं लागायची, ती ३ केली. वय वाचवणारी खरी तरतूद हीच आहे. हुशार अधिकाऱ्याची इथे पाच-सहा वर्षं वाचू शकतात.

९ ऑक्टोबर २०२५: घटनापीठाने ठरवलं की सेवेतले न्यायिक अधिकारीही थेट भरतीला बसू शकतात, वकिली आणि न्यायिक सेवा मिळून ७ वर्षं भरली म्हणजे झालं. किमान वय ३५. याआधी २०२० च्या निकालामुळे त्यांना हे दार बंद होतं.

१९ नोव्हेंबर २०२५: जिल्हा न्यायाधीशांच्या ज्येष्ठतेसाठी चार जागांचं चक्र. दोन नियमित बढतीचे, एक मर्यादित परीक्षेचा, एक थेट भरतीचा. खालच्या पदावर किती वर्षं काढली याचा वेगळा फायदा बढतीवाल्यांना नाही.

थेट जिल्हा न्यायाधीश झाल्याने काय होतं ते पाहायचं तर न्या. आर. भानुमती यांची कारकीर्द बघा. तमिळनाडूत १९८८ मध्ये थेट जिल्हा न्यायाधीश, २००३ मध्ये मद्रास उच्च न्यायालय, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालय. न्यायसेवेत त्या जिल्हा न्यायाधीश म्हणूनच शिरल्या, म्हणून पुढची वर्षं उरली.

चौथा_मजला
बारच्या वाटेबद्दल लिहितो.
इथे अर्ज करायचा नसतो. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नाव सुचवतात. उमेदवाराची संमती घेतात, आणि त्याबरोबर वय, सनदेचं वर्ष, गेल्या ५ वर्षांचं व्यावसायिक उत्पन्न, नावावर असलेले प्रकाशित निकाल असा सगळा तपशील. शिफारस मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे जाते, त्यांना ६ आठवडे. मग केंद्राचं विधी मंत्रालय, गुप्तवार्ता विभागाचा अहवाल, मग सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम (उच्च न्यायालयाच्या नेमणुकांना सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ), परत मंत्रालय, राष्ट्रपतींची सही, आणि अनुच्छेद २१९ प्रमाणे राज्यपालांसमोर शपथ.
मुंबईच्या मंजूर जागा ९४ आहेत: ७१ कायम, २३ अतिरिक्त.

फाईल अडते ती केंद्राच्या विधी मंत्रालयात. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदती घालून दिल्या. गुप्तवार्ता विभागाला ४ ते ६ आठवडे, केंद्राला राज्याचं मत आणि हा अहवाल मिळाल्यापासून ८ ते १२ आठवडे, आणि कॉलेजियमने एकमताने पुन्हा शिफारस केली तर ३ ते ४ आठवड्यांत नेमणूक. या मुदती सर्रास उलटतात. मधल्या काळात उमेदवाराची अवस्था बिकट. मोठी प्रकरणं घ्यावीत तर शपथेच्या दिवशी सोडावी लागतील, न घ्यावीत तर व्यवसाय बसतो. संमती मागे घेणारेही असतात.

शपथेनंतर सहसा अतिरिक्त न्यायमूर्ती, अनुच्छेद २२४ खाली, जास्तीत जास्त २ वर्षं. कायम करताना या काळातले निकाल तपासले जातात. उदाहरणं घ्यायची तर न्या. अभय ओक ऑगस्ट २००३ मध्ये आणि न्या. भूषण गवई नोव्हेंबर २००३ मध्ये अतिरिक्त म्हणून आले, दोघेही १२ नोव्हेंबर २००५ ला कायम झाले. दोघांचं वय शपथेच्या वेळी ४२-४३. ओक पुढे कर्नाटकाचे मुख्य न्यायमूर्ती होऊन २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. गवई २०१९ मध्ये इथूनच सर्वोच्च न्यायालयात आणि १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश. वहिवाटदार म्हणतात तो १५ वर्षांचा अवधी नसता तर हे दोन्ही प्रवास झाले नसते.

निशिगंध
सगळ्यांचे आभार. शब्दाबद्दल एक: आपण 'न्यायाधीश' आणि 'न्यायमूर्ती' कधीकधी एकमेकांच्या जागी वापरतो. मराठीत तालुका-जिल्ह्याला न्यायाधीश आणि उच्च न्यायालयापासून वर न्यायमूर्ती असा रूढ भेद आहे, तो धाग्यात पाळू या.
आता अपिलाचं काम.

पेपरबुक
यावर सविस्तर लिहायला हवं, कारण 'वरचं कोर्ट म्हणजे पुन्हा पहिल्यापासून खटला' ही समजूत फार पक्की आहे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन शाखा: मूळ शाखा आणि अपील शाखा. मूळ शाखेत मुंबई शहरातले मोठे दावे थेट चालतात. बाकी महाराष्ट्रातून जे येतं ते अपील शाखेत. नागपूर, औरंगाबाद, गोवा ही खंडपीठं आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग). कोणत्या न्यायमूर्तींकडे कोणतं काम हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, त्याला इथे असाइनमेंट म्हणतात. आज फौजदारी जामीन बघणारे काही महिन्यांनी भूसंपादनाची प्रथम अपिलं बघत असतात. एकाच विषयातले तज्ज्ञ म्हणून कारकीर्द होत नाही.

प्रथम अपील (दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९६): मुदत उच्च न्यायालयात ९० दिवस. खालच्या न्यायालयातून आर अँड पी, म्हणजे मूळ दफ्तर, मागवलं जातं. इथे पुरावा आणि कायदा दोन्ही खुले. या बोर्डावर (सुनावणीच्या यादीवर) मोटार अपघात भरपाई आणि भूसंपादन यांचा मोठा भरणा असतो, विदर्भ-मराठवाड्यात धरणं-कालव्यांच्या जमिनींचा विशेष. अपघाताच्या अपिलात भरपाई देणाऱ्याला २५,००० रुपये किंवा रकमेच्या ५० टक्के, यातलं जे कमी ते आधी भरावं लागतं. ते भरलं नाही म्हणून अपील अडून राहणं ही रोजची गोष्ट.

निकाल कसा लिहायचा ते आदेश ४१ नियम ३१ मध्ये आहे: ठरवायचे मुद्दे, प्रत्येकावर निर्णय, कारणं, आणि खालचा निकाल बदलला तर मिळणारी दाद. यातले मुद्दे न काढता 'खालच्या न्यायालयाशी सहमत' एवढ्यावर अपील फेटाळलं की सर्वोच्च न्यायालयातून ते परत येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या संतोष हजारी (२००१) निकालामध्ये हे स्पष्ट केलंय: सहमत असाल तर कारणं थोडक्यात चालतील, पण खालचा निकाल फिरवायचा असेल तर त्याच्या प्रत्येक कारणाला सामोरं जाऊन उत्तर द्यायला हवं.

दुसरं अपील (कलम १००): १९७६ च्या दुरुस्तीपासून फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. दाखल करून घेतानाच तो प्रश्न लिहून काढायचा, सुनावणी त्याच प्रश्नावर. वेगळा प्रश्न ऐकायचा तर कारण नोंदवून. इथे नेहमीची चूक एकच: प्रश्न न काढता, किंवा 'खालचे निकाल बरोबर आहेत का' असा मोघम प्रश्न काढून, पुराव्याचं पुन्हा वजन करणं. सहानुभूती वाटली की हात तिकडे वळतो. पण असा निकाल टिकत नाही, आणि ज्याच्याबद्दल सहानुभूती वाटली त्याचीच आणखी काही वर्षं जातात.

सातबारा_उतारा
@पेपरबुक, अपिलात नवे कागद देता येतात का? आणि प्रकरण खाली परत पाठवणं इतकं का चालतं?

पेपरबुक
नवे कागद: आदेश ४१ नियम २७. तीनच वाटा. खालच्या न्यायालयाने घ्यायला हवा होता तो पुरावा नाकारला, नीट प्रयत्न करूनही तेव्हा मिळाला नव्हता, किंवा निकालासाठी न्यायालयालाच तो हवा आहे. वकिलाच्या लक्षात राहिलं नाही हे कारण यात बसत नाही. हा अर्ज अंतिम सुनावणीबरोबरच ऐकायचा, कारण दफ्तर पूर्ण वाचल्याशिवाय नव्या कागदाची गरज कळत नाही. इब्राहिम उद्दीन (२०१२) पासून हे पक्कं आहे. अर्ज तसाच पडून राहिला आणि अपिलाचा निकाल लागला, तर तो निकाल त्याच एका कारणाने उलटू शकतो.

परत पाठवणं: नियम २३, २३अ, २५. त्याच्या आधी नियम २४ वाचावा. दफ्तरातला पुरावा पुरेसा असेल तर अपील न्यायालयाने स्वतःच निकाल द्यावा असं तो सांगतो. एखादा मुद्दा खाली राहिला असेल तर नियम २५ खाली तेवढाच मुद्दा पाठवून निष्कर्ष मागवता येतो, अपील आपल्याकडेच राहतं. सगळा दावा परत पाठवणं सोपं वाटतं, कारण बोर्डावरून एक प्रकरण कमी होतं. पण तोवर साक्षीदार गेलेले असतात, वारस वाढलेले असतात. अपिलाच्या न्यायमूर्तींचं कसब ओळखायचं तर ते किती प्रकरणं परत पाठवतात ते बघावं.

दुभाषी
एक भाग सुटतोय, आणि मराठी माणसांच्या धाग्यात तो सुटू नये.
महाराष्ट्रात खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाची अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी. म्हणजे साक्ष मराठीत, पंचनामा मराठीत, मृत्युपूर्व जबानी मराठीत, आणि अपिलाच्या पेपरबुकात, म्हणजे न्यायमूर्तींसमोर ठेवल्या जाणाऱ्या कागदांच्या संचात, त्यांचं इंग्रजी भाषांतर. मुख्य न्यायमूर्ती बहुधा परराज्यातले असतात, बदलून आलेले काही न्यायमूर्तीही. त्यांच्या हातात फक्त भाषांतर.

जळिताच्या प्रकरणात तीन क्रियापदं येतात. 'पेटली', 'पेटवली', 'पेटवून घेतलं'. अपघात, खून, आत्महत्या. इंग्रजीत घाईने तिन्हींसाठी एकच शब्द पडला तर खटल्याचा गाभाच गेला. 'घासलेट अंगावर पडलं' आणि 'घासलेट अंगावर ओतलं' यांतही तेच.

जमिनीच्या दाव्यात 'वहिवाट'. कधी तिचा अर्थ ताबा, कधी प्रत्यक्ष कसणं, कधी बांधावरून जायचा रस्ता. 'माझी वहिवाट आहे' या वाक्याचं भाषांतर करताना भाषांतरकार यांतला एक अर्थ निवडतो आणि नकळत मुद्दाच ठरवून टाकतो. 'खातेफोड' आणि 'वाटणी' यांची गल्लत तर नेहमीची. महसुली दफ्तरात खाती वेगळी झाली एवढ्यावरून मालकीची वाटणी झाली असं होत नाही.

आणखी एक. साक्ष प्रश्नोत्तररूपाने होते पण लिहिताना सलग निवेदन करतात. उलटतपासणीत 'हे म्हणणं खरं नाही की मी तिथे नव्हतो' अशी दुहेरी नकाराची वाक्यं तयार होतात. भाषांतरात एक नकार गळला की साक्षीदाराने कबुली दिल्यासारखं दिसतं.
म्हणून मराठी जाणणाऱ्या न्यायमूर्तींनी मूळ पान काढून वाचावं, आणि न जाणणाऱ्यांनी दोन्ही वकिलांना त्या वाक्यावर मूळ पाहून सांगायला लावावं. पेपरबुकातलं भाषांतर खटकलं तर त्यावर हरकत सुनावणीआधी घ्यायची, निकालानंतर नाही.

जुनी_सनद
दुभाषींचा प्रतिसाद सगळ्यांनी जपून ठेवावा. सेवेतून आलेले न्यायमूर्ती कमी वर्षांसाठी येतात पण हे दफ्तर त्यांनी स्वतः लिहून घेतलेलं असतं. साक्ष नोंदवताना काय गळतं हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्या हाताशी वर्षं कमी उरणं हा अपील शाखेचाच तोटा आहे.

बोरीबंदर
फौजदारी अपिलांबद्दल.
शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस, फाशीला ३० दिवस. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. शिक्षेविरुद्धचं अपील कलम ४१५, निर्दोष सुटकेविरुद्ध ४१९, शिक्षेला स्थगिती ४३०. ज्याच्याकडे वकील नाही तो तुरुंग अधीक्षकांमार्फत अपील पाठवतो, त्याला विधी सेवेतून वकील दिला जातो.

नव्या न्यायमूर्तींचा घोळ होतो अशा जागा:

आरोपीचा वकील हजर नाही म्हणून फौजदारी अपील फेटाळता येत नाही. बानी सिंग (१९९६) प्रमाणे दफ्तर वाचून गुणवत्तेवरच निकाल द्यावा लागतो. दिवाणीत बरोबर उलट: अपीलकर्ता गैरहजर असेल तर गैरहजेरीसाठी फेटाळता येतं, पण गुणवत्तेवर नाही. दिवाणी बोर्डावरून फौजदारीवर आल्या आल्या ही सवय बदलावी लागते.

निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलात अधिकार पूर्ण आहेत, पण चंद्रप्पा (२००७) सांगतो की आरोपी निर्दोष असल्याचं गृहीतक आता दुहेरी झालेलं असतं. दोन मतं शक्य असतील तर खालचं मत हलवायचं नाही. 'मी असतो तर शिक्षा दिली असती' हे पुरेसं नाही.

शिक्षा वाढवायची तर आधी आरोपीला नोटीस.

शिक्षेला स्थगिती देताना पुराव्यावर लांबलचक मत लिहू नये. तेच अपील पुढे दुसऱ्या न्यायमूर्तींसमोर येतं आणि आधीच्या आदेशाची सावली त्यावर पडते.

फाशीचं प्रकरण कलम ४०७ खाली पुष्टीसाठी आपोआप येतं, निदान दोन न्यायमूर्ती लागतात. आरोपीने अपील केलं नाही तरी सगळा पुरावा पुन्हा तपासायचा. कसाबचा खटला: सत्र न्यायालयाची शिक्षा ६ मे २०१०, उच्च न्यायालयाची पुष्टी २१ फेब्रुवारी २०११. उलट २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत खालचा निकाल २०१५ चा, उच्च न्यायालयाचा २१ जुलै २०२५ चा, आणि त्यात सगळे १२ आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने लगेच त्या निकालाला पूर्वदाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. दफ्तर अवाढव्य असेल तर विशेष पीठ नेमून रोज सुनावणी लावल्याशिवाय असं प्रकरण हलत नाही. नेहमीच्या बोर्डातून वेळ काढून ते होत नाही.

शब्दार्थाच्या चुकीचं उदाहरण: नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा पॉक्सोचा (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचा) निकाल. कलम ७ मधला 'शारीरिक स्पर्श' म्हणजे त्वचेचा त्वचेशी स्पर्श असा अर्थ घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ ला तो रद्द केला. कायदा मुलांना वाचवण्यासाठी आहे हा हेतू बाजूला ठेवून एकाच शब्दाला चिकटलं की असं होतं.

सातबारा_उतारा
दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले तर?

बोरीबंदर
तिसऱ्या न्यायमूर्तींकडे. फौजदारीत त्यांच्या मताप्रमाणे निकाल लागतो. रिट याचिकेचं ताजं उदाहरण म्हणजे माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या सत्यशोधन कक्षाचं प्रकरण: ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं वेगळी पडली, न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला नियम घटनाबाह्य ठरवला. तिसऱ्याने दोन्ही निकाल समोर ठेवून फक्त मतभेदाच्या मुद्द्यांवर लिहायचं असतं. ते शिकण्यासारखं आहे.

सॅक्रामेंटोकर
अमेरिकेत 'राज्याचं अपील न्यायालय' हा वेगळाच टप्पा असतो, म्हणून तुलनेसाठी कॅलिफोर्नियाचं सांगतो. खाली सुपीरियर कोर्ट, मध्ये अपील न्यायालय, वर राज्याचं सर्वोच्च न्यायालय. अपील न्यायालयाचे ६ जिल्हे, १०६ न्यायमूर्ती, प्रत्येक अपील तिघांच्या पीठासमोर. एकट्याने अपील ऐकण्याची पद्धतच नाही.

नेमणूक गव्हर्नर करतात. त्याआधी वकील संघटनेचा आयोग उमेदवाराची चौकशी करून श्रेणी देतो, नंतर तीन सदस्यांचं मंडळ (राज्याच्या मुख्य न्यायमूर्ती, ॲटर्नी जनरल आणि त्या जिल्ह्यातले ज्येष्ठ पीठप्रमुख) उघड सुनावणीत मान्यता देतं. १० वर्षांची वकिली किंवा न्यायाधीशपद लागतं. मुदत १२ वर्षं, आणि मतदार 'ठेवायचं की नाही' एवढंच मत देतात, समोर प्रतिस्पर्धी नसतो. १९८६ मध्ये मतदारांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या तिघांना, मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड यांच्यासह, काढून टाकलं. कारण मुख्यतः फाशीच्या शिक्षा रद्द करणं.

तुमच्या धाग्याला उपयोगी गोष्ट म्हणजे ९० दिवसांचा नियम. राज्यघटनेतच आहे: प्रकरण निकालासाठी बंद झाल्यावर ९० दिवसांत निर्णय दिला नाही तर न्यायमूर्तींचा पगार थांबतो. त्यामुळे कामाचा क्रमच उलटा झालाय. तोंडी युक्तिवादाच्या आधीच संशोधन वकिलांच्या मदतीने निकालाचा मसुदा तयार असतो, तिघांत फिरतो, आणि मग सुनावणी लागते. वेग मिळतो. पण मत आधीच बनलेलं असल्यामुळे तोंडी युक्तिवादाने निकाल फिरणं दुर्मीळ.

निशिगंध
आपल्याकडे राखून ठेवलेल्या निकालांना अशी मुदत आहे का?

पेपरबुक
पगाराशी जोडलेली नाही. अनिल राय (२००१) च्या सूचना आहेत. राखून ठेवलेल्या प्रकरणांची यादी मुख्य न्यायमूर्तींकडे जाते. ३ महिन्यांत निकाल आला नाही तर पक्षकार लवकर निकालासाठी अर्ज करू शकतो, तो दोन दिवसांत बोर्डावर लागला पाहिजे. ६ महिने उलटले तर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे द्यावं असा अर्ज मुख्य न्यायमूर्तींकडे करता येतो. वकील असे अर्ज करायला कचरतात, कारण उद्या त्याच न्यायमूर्तींसमोर उभं राहायचं असतं. म्हणून सूचना चांगली असूनही वापर कमी.

निकाल रखडण्याचं मुळातलं कारण तिथे बसणाऱ्यांच्या दिवसात आहे. सकाळी दाखल होणारी प्रकरणं, तातडीचं मेन्शनिंग (प्रकरण लवकर घ्यावं अशी तोंडी विनंती), अंतरिम अर्ज, आणि अंतिम सुनावणीला उरतो तो दुपारचा तुकडा. छोटे आदेश खुल्या न्यायालयात तिथल्या तिथे सांगून टाकतात. हे ज्याला जमतं त्याच्याकडे निकाल साचत नाहीत. टंकलेखनाची चूक राहिली तर 'स्पीकिंग टू द मिनिट्स' साठी प्रकरण लावून दुरुस्त करतात. पण त्या मार्गाने निकालाचा आशय बदलता येत नाही, ते पुनर्विलोकन होतं आणि त्याचे निकष वेगळे. वकील या दोन्हींत गल्लत करतात, नवे न्यायमूर्तीही कधीकधी.

वहिवाटदार
पगाराचा प्रश्न कुणी विचारला नाही, पण वाट निवडताना लागतो. कनिष्ठ स्तराची सुरुवात ७७,८४० रुपये मूळ वेतन, वरिष्ठ स्तर १,११,०००, जिल्हा न्यायाधीश १,४४,८४०. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती २,२५,०००, मुख्य न्यायमूर्ती २,५०,०००. मुंबईत चांगली प्रॅक्टिस असलेल्या वकिलाला यात मोठी घट सोसावी लागते.
निवृत्तिवेतनात १९ मे २०२५ ला मोठा बदल झाला. बारमधून असो की सेवेतून, कायम असो की अतिरिक्त, सगळ्या निवृत्त न्यायमूर्तींना वर्षाला १३.५० लाख. त्याआधी सेवेतून आलेल्यांची कुचंबणा व्हायची. कायम न्यायमूर्ती राहिलेल्यांना अनुच्छेद २२० प्रमाणे निवृत्तीनंतर त्याच न्यायालयात किंवा खालच्या न्यायालयांत वकिली करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयात आणि इतर उच्च न्यायालयांत येते.

निशिगंध
शेवटचं विचारते. सनद नुकतीच मिळालेल्या मुलीला पहिल्या ३ वर्षांत अपिलाच्या कामासाठी काय करायला सांगाल?

पेपरबुक
जिल्हा न्यायालयातच सुरुवात करावी. उलटतपासणी लिहून घेताना बसावं, म्हणजे दफ्तर कसं तयार होतं ते कळेल. आठवड्याला एक दिवाणी अपिलाचा निकाल घ्यावा, शेवट न वाचता खालच्या न्यायालयाचा निकाल आणि अपिलाची कारणं वाचून नियम ३१ प्रमाणे मुद्दे स्वतः काढावेत, आणि मग न्यायमूर्तींनी काढलेल्या मुद्द्यांशी ताडून पाहावं. सुरुवातीला दहा-बारा निघतात. ते तीन-चारांवर येईपर्यंत हे करत राहावं.

दुभाषी
आणि त्याच दफ्तरातली एक मराठी साक्ष रोज स्वतः इंग्रजीत उतरवावी. दुसऱ्या दिवशी मूळ न बघता ती परत मराठीत आणावी. जिथे क्रियापद बदललं तिथे खूण करावी.